नियमित स्पॅनिश क्रियापदाचा भूतकाळ: तक्ता पाठ असूनही वाक्य का अडते?

तुमचा प्रश्न मला असा समजला आहे. तुम्ही काही महिन्यांपासून स्वतःच स्पॅनिश शिकत आहात. ‘आब्लार’, म्हणजे बोलणे, या क्रियापदाच्या भूतकाळाचा तक्ता तुम्हाला तोंडपाठ आहे. परंतु प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की ‘आब्ले’ म्हणावे की ‘आब्लाबा’ हे ठरत नाही, आणि ठरलेच तर प्रत्यय चुकतो. तक्ते घोकण्याशिवाय दुसरा काही मार्ग आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मराठीभाषक विद्यार्थ्यांना मी बरीच वर्षे स्पॅनिश शिकवते आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. माझ्या मते त्यात दोन स्वतंत्र अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पहिली अडचण रूपांची आहे: कोणत्या पुरुषाला कोणता प्रत्यय लागतो. दुसरी निवडीची आहे: स्पॅनिशमधील दोन मुख्य भूतकाळांपैकी येथे कोणता हवा. तक्ता फक्त पहिल्या अडचणीचे उत्तर देतो, आणि तेही अपुरे, कारण आघात कोठे पडतो हे छापील तक्ता वाचून कानाला कळत नाही. दुसऱ्या अडचणीबाबत तक्ता काहीच सांगत नाही. तेथे आपण नकळत मराठीच्या आधाराने निर्णय घेतो, आणि मराठी त्या ठिकाणी कधी उत्तम साथ देते, तर कधी नेमकी उलट दिशेला नेते. म्हणून मी आधी रूपे थोडक्यात सांगते आणि मग जास्त वेळ निवडीवर घालवते.

त्याआधी नावांविषयी दोन वाक्ये, कारण वेगवेगळी पुस्तके वापरणारे विद्यार्थी येथेच गोंधळतात. ‘आब्ले’ हे रूप ज्या काळाचे आहे त्याला स्पेनमधील व्याकरणे ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले’ म्हणतात, अनेक पाठ्यपुस्तके अजूनही ‘प्रेतेरितो इंदेफिनिदो’ म्हणतात, आणि आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणाच्या परंपरेत, जी मेक्सिकोच्या शाळांतही दिसते, त्याला नुसते ‘प्रेतेरितो’ म्हणतात. ‘आब्लाबा’ ज्या काळाचे रूप आहे तो सर्वसाधारणपणे ‘इंपेर्फेक्तो’. बेयो यांच्या परंपरेत ‘कोप्रेतेरितो’. मी या उत्तरात ‘प्रेतेरितो’ आणि ‘इंपेर्फेक्तो’ एवढीच दोन नावे वापरते. त्यांना मराठीतील ‘साधा भूतकाळ’ आणि ‘अपूर्ण भूतकाळ’ ही नावे मी मुद्दाम देत नाही; त्याचे कारण पुढे येईल.

आता रूपे. स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ यांपैकी एकाने संपते: आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबिर म्हणजे राहणे किंवा जगणे. शेवटचा हा भाग काढला की धातू उरतो आणि त्याला प्रत्यय जोडायचे असतात. खाली आघात दाखवण्यासाठी मी अवग्रहाचे चिन्ह वापरते आहे. ‘ऽ’ ज्या स्वरानंतर आहे त्या स्वरावर जोर द्यायचा, तो लांबवायचा नाही.

‘आर’ गटाचा प्रेतेरितो असा: यो (मी) आब्लेऽ, तू (तू) आब्लाऽस्ते, एल (तो) आब्लोऽ, नोसोत्रोस (आम्ही) आब्लाऽमोस, बोसोत्रोस (तुम्ही सर्व) आब्लाऽस्तेइस, एयोस (ते) आब्लाऽरोन. ‘एर’ आणि ‘इर’ या दोन्ही गटांचे प्रत्यय या काळात एकच आहेत, त्यामुळे तीन नव्हे, दोनच मालिका लक्षात ठेवायच्या आहेत: कोमीऽ, कोमीऽस्ते, कोमिओऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोमिएऽरोन; आणि त्याच चालीवर बिबीऽ, बिबीऽस्ते, बिबिओऽ, बिबीऽमोस, बिबीऽस्तेइस, बिबिएऽरोन. ‘इओ’ येथे एका दमात, जवळजवळ ‘यो’सारखा उच्चारायचा आहे.

या बारा-अठरा रूपांमागे एकच नियम आहे: नियमित क्रियापदाच्या प्रेतेरितोमध्ये आघात कधीही धातूवर पडत नाही, तो नेहमी प्रत्ययावर पडतो. वर्तमानकाळाच्या एकवचनात तो धातूवर असतो. म्हणून ‘आऽब्लो’ म्हणजे मी बोलतो आणि ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला किंवा ती बोलली. अक्षरे तीच, फक्त जोर हलला की काळही बदलतो आणि पुरुषही बदलतो. लिहिताना यो आणि एल यांच्या रूपांत शेवटच्या स्वरावर जे तिरके आघातचिन्ह येते ते शोभेचे नाही. ‘आर’ गटात ते गाळले तर वेगळाच शब्द तयार होतो. मराठीत अशा रीतीने जोर बदलून अर्थ बदलत नसल्यामुळे आपला कान या फरकाकडे लक्ष देत नाही. माझ्या अनुभवात विद्यार्थ्याचा प्रत्यय चुकतो असे जे वाटते, ते पुष्कळदा प्रत्यय चुकल्यामुळे नसून जोर चुकल्यामुळे असते. म्हणून तक्ता डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणा, आणि शेवटच्या भागावर जाणीवपूर्वक भार द्या.

हा एक नियम धरला की आणखी एक गोष्ट आपोआप उलगडते. वर्तमानकाळात ‘पेन्सार’चे ‘पिएन्सो’ होते, ‘बोल्बेर’चे ‘बुएल्बो’ होते, म्हणजे धातूतला स्वर फुटतो. तो फुटतो कारण जोर त्याच्यावर येतो. प्रेतेरितोमध्ये जोर धातूवरून निघून गेलेला असल्यामुळे स्वर मूळ स्थितीतच राहतो: पेन्सेऽ, बोल्बीऽ. ‘आर’ आणि ‘एर’ गटांतली अशी बहुतेक क्रियापदे भूतकाळात शिस्तीत नियमित वागतात; ‘केरेर’, ‘पोदेर’ यांसारखी काही मात्र अनियमित आहेत. ‘इर’ गटातली तशी क्रियापदे मात्र तृतीय पुरुषात थोडी बदलतात, जसे ‘पेदिर’चे ‘पिदिओऽ’ आणि ‘दोर्मिर’चे ‘दुर्मिओऽ’. ती सध्या बाजूला ठेवली तरी चालेल.

लेखनातले काही बदलही उगाच घाबरवतात. बुस्कारचे ‘बुस्केऽ’, येगारचे ‘येगेऽ’ लिहिताना रोमन अक्षरे बदलावी लागतात, कारण ‘ई’ या अक्षरापुढे ‘सी’ आणि ‘जी’ यांचा उच्चार बदलतो आणि ‘क’, ‘ग’ हे ध्वनी टिकवण्यासाठी ‘यू’ची मदत घ्यावी लागते. देवनागरीत लिहून पाहिले तर लगेच दिसते की ध्वनी मुळीच बदललेला नाही. कानाला ही क्रियापदे पूर्ण नियमित आहेत आणि बदल फक्त ‘यो’च्या रूपात आहे.

इंपेर्फेक्तोची रूपे त्याहूनही सोपी आहेत. ‘आर’ गट: आब्लाऽबा, आब्लाऽबास, आब्लाऽबा, आब्लाऽबामोस, आब्लाऽबाइस, आब्लाऽबान. ‘एर’ आणि ‘इर’ गट: कोमीऽआ, कोमीऽआस, कोमीऽआ, कोमीऽआमोस, कोमीऽआइस, कोमीऽआन. संपूर्ण भाषेत या काळात अनियमित क्रियापदे फक्त तीन आहेत: सेर, इर आणि बेर. यो आणि एल यांची रूपे येथे सारखीच असल्यामुळे संदर्भ स्पष्ट नसेल तेव्हा कर्ता बोलून दाखवावा लागतो.

कोणती रूपे प्रत्यक्ष लागतील हे तुम्ही कोणाशी बोलणार आहात यावर अवलंबून आहे. ‘बोसोत्रोस’ची रूपे मुख्यतः स्पेनमध्ये चालतात, लॅटिन अमेरिकेत तुम्ही सर्व या अर्थी ‘उस्तेदेस’ वापरतात आणि त्याला तृतीय पुरुषी अनेकवचनाचे ‘आब्लारोन’ हेच रूप लागते. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात, पण प्रेतेरितोमधले रूप ‘आब्लास्ते’ तेच राहते. या रूपाच्या शेवटी ‘स’ जोडलेले ‘आब्लास्तेस’ तुम्हाला स्पॅनिशभाषकांच्या तोंडूनही ऐकू येईल, कारण इतर काळांत ‘तू’च्या रूपाला शेवटी ‘स’ असतो. पण ते प्रमाण मानले जात नाही, तुम्ही ते उचलू नका. शिवाय ‘आब्लामोस’ आणि ‘बिबिमोस’ ही रूपे वर्तमान आणि प्रेतेरितो दोन्हींत एकसारखी आहेत. फरक वाक्यातल्या ‘आयेर’, म्हणजे काल, अशा शब्दावरून कळतो. ‘कोमेर’मध्ये मात्र ‘कोमेमोस’ आणि ‘कोमिमोस’ वेगळी आहेत, म्हणून ‘आयेर कोमेमोस’ ही उघड चूक ठरते.

आता मराठीच्या सवयींकडे येते, कारण माझ्या मते खरी अडचण येथे आहे.

मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माशी जुळते. मी पत्र लिहिले, मी चिठ्ठी लिहिली, मी चिठ्ठ्या लिहिल्या. क्रियापदाचे रूप पत्र, चिठ्ठी, चिठ्ठ्या यांवरून ठरते, लिहिणाऱ्यावरून नाही. नुसते ‘लिहिली’ एवढेच ऐकले तर कोणी लिहिली हे कळत नाही. ते ‘त्याने’, ‘तिने’, ‘आम्ही’ या शब्दांतून कळते. स्पॅनिशमध्ये नेमके उलट आहे. ‘एस्क्रिबी उना कार्ता’, ‘एस्क्रिबी त्रेस कार्तास’: पत्र एक असो की तीन, क्रियापद हलत नाही, पण लिहिणारा बदलला की ते लगेच ‘एस्क्रिबिओ’ होते. कर्ता शोधण्यासाठी क्रियापदाच्या शेवटाकडे पाहण्याची सवय मराठी भूतकाळात आपल्याला पुरेशी लागलेली नसते. त्यामुळे विद्यार्थी प्रत्येक वाक्यात ‘यो’, ‘एल’, ‘एया’ जोडत राहतात, त्यांच्या मते कर्ता सांगून झालेला असतो, आणि प्रत्ययाकडे दुर्लक्ष होते. त्यावर मी सुचवते तो उपाय असा: सरावाच्या काळात सर्वनाम वापरूच नका. ‘आब्ले कोन एल मेदिको’ म्हणा, ‘यो आब्ले’ म्हणू नका. सर्वनामाचा आधार काढून घेतला की सगळा भार प्रत्ययावर येतो आणि तो नीट उच्चारावाच लागतो.

लिंगाचेही असेच आहे. तो बोलला, ती बोलली, ते मूल बोलले, या तिन्हींसाठी स्पॅनिशमध्ये एकटे ‘आब्लोऽ’ पुरते. येथे विद्यार्थ्यांची चूक क्वचितच होते, कारण कमी शिकायचे असते. आदरार्थी बहुवचनाबाबत मात्र चूक वारंवार होते. ‘आजोबा बोलले’ हे मराठीत एका व्यक्तीविषयी असूनही रूपाने अनेकवचन आहे, आणि म्हणून ‘मि आबुएलो आब्लारोन’ असे वाक्य सहज तोंडातून निघते. आजोबा एकच असतील तर ‘मि आबुएलो आब्लोऽ’ हेच बरोबर आहे. समोरच्याशी आदराने बोलतानाचे ‘उस्तेद’सुद्धा तृतीय पुरुषी एकवचनच घेते. स्पॅनिशमध्ये आदर सर्वनामाच्या निवडीत असतो, क्रियापदाच्या वचनात नसतो.

एका ठिकाणी मात्र मराठी तुम्हाला इतर अनेक भाषांच्या लोकांपेक्षा पुढे ठेवते. ‘गुस्तार’ हे नियमित ‘आर’ गटातले क्रियापद ‘मला आवडले’ याच पद्धतीने चालते. मला चित्रपट आवडला, ‘मे गुस्तो ला पेलिकुला’. मला चित्रपट आवडले, ‘मे गुस्तारोन लास पेलिकुलास’. येथे आवडणारी वस्तू कर्ता असते आणि क्रियापद तिच्याशी जुळते. तुमच्या कानाला हे आधीच ठाऊक आहे, त्यावर विश्वास ठेवा.

येथपर्यंतचे थोडक्यात असे: प्रेतेरितोच्या दोन मालिका, आघात नेहमी प्रत्ययावर, आणि प्रत्यय नेहमी करणाऱ्याचा. आता निवडीकडे वळते.

‘आब्ले’ की ‘आब्लाबा’ हा प्रश्न क्रिया किती वेळ चालली याचा नाही. बहुतेक पुस्तके सुरुवातीला सांगतात की क्षणिक क्रियेला प्रेतेरितो आणि लांबलेल्या क्रियेला इंपेर्फेक्तो. हे सोपे वाटते, पण याच समजुतीतून पुढच्या निम्म्या चुका निघतात असे मी पाहिले आहे. खरा प्रश्न असा आहे की तुम्ही त्या क्रियेची हद्द सांगत आहात की नाही. ती सुरू झाली आणि संपली, अमुक वेळ चालली, अमुक वेळा घडली, असे संपूर्ण घटनेकडे पाहून सांगायचे असेल तर प्रेतेरितो. क्रिया चालू असताना तिच्या मध्यावर उभे राहून, तिचा आरंभ आणि शेवट दृष्टीबाहेर ठेवून सांगायचे असेल तर इंपेर्फेक्तो.

एक वाक्य घ्या: मी दहा वर्षे माद्रिदमध्ये राहत होतो. मराठीत हे निर्दोष वाक्य आहे. रूप अपूर्ण भूतकाळाचे दिसते म्हणून विद्यार्थी ‘बिबिआ दिएस आन्योस एन माद्रिद’ असे भाषांतर करतो, आणि ते चुकते. दहा वर्षे ही हद्द सांगितली गेली आहे, म्हणून स्पॅनिशला ‘बिबी दिएस आन्योस एन माद्रिद’ हवे. याउलट ‘तेव्हा मी माद्रिदमध्ये राहत होतो’ या वाक्यात किती काळ हे सांगितलेले नाही. तेथे ‘एन्तोन्सेस बिबिआ एन माद्रिद’ योग्य. मराठीतले ‘राहत होतो’ दोन्हीकडे तेच आहे, स्पॅनिशमधली रूपे मात्र वेगळी झाली. इंपेर्फेक्तोला मी ‘अपूर्ण भूतकाळ’ हे मराठी नाव देत नाही ते याच कारणाने: नाव मिळाले की रूपाला रूप जोडण्याचा मोह होतो.

पुनरावृत्तीचेही तसेच. ‘तोदोस लोस दिआस’, म्हणजे दररोज, हा शब्दसमूह आला की इंपेर्फेक्तो वापरा असे शिकवले जाते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरते: ‘आब्लाबा कोन एया तोदोस लोस दिआस’, मी तिच्याशी दररोज बोलत असे. पण ‘त्या महिन्यात मी तिच्याशी दररोज बोललो’ असे म्हणायचे असेल, तर महिन्याने हद्द घातली आहे, म्हणून ‘आकेल मेस आब्ले कोन एया तोदोस लोस दिआस’ हे सरळ आणि योग्य वाक्य आहे. ‘आयेर’ (काल), ‘आनोचे’ (काल रात्री), ‘सिएम्प्रे’ (नेहमी), ‘मिएन्त्रास’ (चालू असताना) यांसारखे सूचक शब्द उपयोगी आहेत. मी त्यांना दुय्यम स्थान देते. ते बहुधा हद्द आहे की नाही हे सुचवतात, हद्द ठरवत नाहीत.

मराठीतला रीतिभूतकाळ येथे तुमचा खरा सोबती आहे. ‘आजोबा रोज फिरायला जात’, ‘ती सुट्टीत पत्र लिहीत असे’, ‘आम्ही तेव्हा खूप बोलायचो’, अशी वाक्ये जेथे स्वाभाविकपणे सुचतात तेथे इंपेर्फेक्तो जवळजवळ नेहमी बरोबर असतो. म्हणून शंका आली की मी विद्यार्थ्यांना मनात ‘बोलत असे’ किंवा ‘बोलायचो’ घालून पाहायला सांगते. वाक्य अर्थासह टिकले तर इंपेर्फेक्तो. ‘दहा वर्षे माद्रिदमध्ये राहत असे’ म्हणून पाहिले की ते कानाला खटकते. ही कसोटी तेथेही उपयोगी पडते.

त्याच्या उलट, ‘होतो’ हा शब्द फसवा आहे. मराठीत आपण ‘मी काल त्यांच्याशी बोललो होतो’ असे सहज म्हणतो, आणि त्यात दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीची घटना असा अर्थ असेलच असे नाही. काल बोलणे झाले एवढेच सांगायचे असते. स्पॅनिशमध्ये ‘आबिआ आब्लादो’ हे रूप मुख्यतः एका भूतकालीन घटनेच्या आधीच्या घटनेसाठी राखलेले आहे: ‘कुआन्दो येगास्ते, या आबिआ आब्लादो कोन एल’, तू आलास तेव्हा मी त्यांच्याशी आधीच बोललो होतो. आधीची आणि नंतरची अशा दोन घटना नसतील तर साधे ‘आयेर आब्ले कोन एल’ म्हणा. मराठीत विचार करून स्पॅनिश लिहिणाऱ्यांच्या लेखनात मला ‘आबिआ’ची रूपे अनावश्यक संख्येने दिसतात, आणि कारण बहुतेक वेळा हेच असते.

‘बोललो आहे’ या रूपाचे काय, असे तुम्ही पुढे विचाराल. त्याला जवळचे रूप ‘ए आब्लादो’ आहे, आणि त्याचा वापर प्रदेशानुसार बदलतो. माद्रिदमध्ये आजच्या दिवसातल्या घटनेसाठी ते सर्रास वापरतात: ‘ओइ ए त्राबाखादो मुचो’, आज मी खूप काम केले. मेक्सिकोत किंवा ब्वेनोस आइरेसमध्ये त्याच वाक्यासाठी ‘ओइ त्राबाखे मुचो’ म्हणजे प्रेतेरितो अधिक स्वाभाविक आहे. जेवलास का, हे माद्रिदमध्ये ‘या आस कोमिदो’ असे विचारतील, मेक्सिकोत ‘या कोमिस्ते’. यातले एक बरोबर आणि दुसरे चूक असे नाही. तुमचे शिक्षक, मित्र किंवा कामाचे ठिकाण ज्या प्रदेशाशी जोडलेले आहे तो वापर धरा. कोणताच प्रदेश निश्चित नसेल, तर सुरुवातीला प्रेतेरितो पक्का करणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण तो सर्वत्र समजतो आणि ‘आयेर’सारख्या शब्दांबरोबर सगळीकडे लागतोच.

दोन्ही काळ एकत्र कसे काम करतात हे सुटी वाक्ये वाचून उमगत नाही, त्यासाठी छोटी गोष्ट लागते. मी वर्गात अशा स्वरूपाचा उतारा वापरते, ज्यात भूतकाळाची सर्व रूपे नियमित आहेत:

‘दे निन्यो बिबिआ एन उन पुएब्लो पेकेन्यो. तोदास लास तार्देस मि आबुएलो मे लेइआ उन कुएन्तो. उना तार्दे यामारोन आ ला पुएर्ता. मि आबुएलो सेर्रो एल लिब्रो, से लेबान्तो इ आब्रिओ.’

लहानपणी मी एका लहान गावात राहत असे. रोज संध्याकाळी आजोबा मला गोष्ट वाचून दाखवत. एके संध्याकाळी कोणीतरी दार वाजवले. आजोबांनी पुस्तक मिटले, ते उठले आणि त्यांनी दार उघडले.

पहिल्या दोन वाक्यांत वेळ पुढे सरकत नाही; परिस्थिती आणि रीत सांगितली आहे, म्हणून ‘बिबिआ’ आणि ‘लेइआ’. ‘उना तार्दे’ आले आणि गोष्ट हलू लागली: यामारोन, सेर्रो, से लेबान्तो, आब्रिओ. यातले प्रत्येक क्रियापद आधीचे संपल्यावर घडते. कोणत्याही क्रियापदानंतर ‘आणि मग काय झाले?’ असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारता येत असेल, तर ते प्रेतेरितोमध्ये असण्याची शक्यता फार मोठी आहे. आता ‘सेर्रो’च्या जागी ‘सेर्राबा’ ठेवून पाहा. आजोबा पुस्तक मिटत होते, असा अर्थ होतो. मिटणे पूर्ण झाले की नाही हे वाक्य सांगत नाही, आणि वाचक पुढे काहीतरी मध्येच घडण्याची वाट पाहू लागतो. दोन्ही रूपे व्याकरणाने शुद्ध आहेत. म्हणूनच ही निवड नियम पाळण्यापुरती नाही, तुम्हाला काय सांगायचे आहे त्याची ती निवड आहे.

मराठी वाक्याकडेही पुन्हा पाहा: आजोबांनी मिटले, ते उठले, त्यांनी उघडले. सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांमुळे कर्त्याचे रूप दर वेळी बदलले. स्पॅनिशमध्ये आजोबांचा उल्लेख एकदाच झाला आणि पुढची तिन्ही क्रियापदे शेवटच्या आघातयुक्त ‘ओ’वर जुळली. हा उतारा मोठ्याने म्हणताना तो ‘ओ’ ऐकू येऊ द्या.

‘कोनोसेर’, म्हणजे ओळखणे, हे क्रियापदही या दोन काळांत नियमित आहे, पण काळ बदलला की मराठीत आपल्याला वेगळे शब्द घ्यावे लागतात. ‘कुआन्दो येगे आ माद्रिद, नो कोनोसिआ आ नादिए’, मी माद्रिदला पोहोचलो तेव्हा कोणालाच ओळखत नव्हतो. ही स्थिती आहे. ‘कोनोसी आ मि प्रोफेसोरा एन सेबिया’, माझ्या शिक्षिकेशी माझी ओळख सेव्हियात झाली. ही घटना आहे. स्थितिदर्शक क्रियापद प्रेतेरितोमध्ये आले की बहुधा त्या स्थितीचा आरंभ किंवा तिचा संपूर्ण कालखंड दाखवते, हे हद्दीच्या त्याच तत्त्वाशी जुळते.

आता सरावाविषयी. तुम्ही तक्त्याला पर्याय विचारला आहे. तक्ता टाकून द्या असे मी म्हणणार नाही, परंतु त्याचा क्रम बदला. संभाषणात सर्वांत जास्त लागणारी जोडी म्हणजे ‘तू’चा प्रश्न आणि ‘यो’चे उत्तर. त्यामुळे आधी हीच जोडी म्हणा: ‘आब्लास्ते?’ ‘आब्ले.’ ‘कोमिस्ते?’ ‘कोमी.’ लांब क्रियापदे नंतर घ्या. आधी आब्लार, त्राबाखार, कोम्प्रार, एस्तुदिआर, यामार, कोमेर, आप्रेन्देर, बिबिर, एस्क्रिबिर, आब्रिर, सालिर एवढी पुरेत. ‘सालिर’, म्हणजे बाहेर पडणे, वर्तमानकाळात यो रूपात अनियमित असले तरी प्रेतेरितोमध्ये पूर्ण नियमित आहे. ही जोडी विचार न करता येऊ लागली की त्याच क्रियापदांवर ‘एल’ आणि ‘एयोस’ची रूपे घ्या, म्हणजे दुसऱ्याविषयी सांगता येईल. ‘नोसोत्रोस’ शेवटी आले तरी बिघडत नाही.

इंपेर्फेक्तोचा सराव मी त्याच दिवशी करू देत नाही. प्रेतेरितोमध्ये कालच्या दिवसाचा वृत्तान्त चार-पाच वाक्यांत न अडखळता सांगता येऊ लागला, की मग लहानपणाचे वर्णन इंपेर्फेक्तोमध्ये लिहायला घ्यावे, आणि त्यानंतरच दोन्ही काळ एका गोष्टीत मिसळावेत. लिहून झाल्यावर प्रत्येक इंपेर्फेक्तोखाली रेघ ओढा आणि त्या वाक्यात कालावधी, संख्या किंवा तारीख लपलेली आहे का हे तपासा. असेल तर ते क्रियापद बहुतेक वेळा बदलावे लागेल. तुम्हाला केवळ वाचण्यापुरती भाषा हवी असेल तर एवढा तोंडी सराव लागणार नाही. तेव्हा ‘एल’ आणि ‘एयोस’ची रूपे ओळखण्यावर अधिक वेळ द्या, कारण लिखित कथनात तीच भरपूर येतात.

अनियमित क्रियापदे तुम्ही विचारलेली नाहीत, तरी त्यांच्याविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते, कारण ती रोजच्या बोलण्यात लगेच भेटतात. तेनेर, एस्तार, आसेर, देसिर यांसारख्या क्रियापदांत आघाताचा वर सांगितलेला नियम यो आणि एल यांच्या रूपांत उलटतो: तूऽबे, एस्तूऽबे, ईऽसे, दीऽखे, जोर धातूवर येतो आणि लिहिताना आघातचिन्ह लागत नाही. नियमित रूपांचा जोर अजून पक्का व्हायचा असताना ही रूपे त्यांच्याबरोबर एकाच यादीत घोकली, तर विद्यार्थी ‘तुबेऽ’ म्हणू लागतो किंवा, त्याहून त्रासदायक म्हणजे, ‘आऽब्ले’ म्हणू लागतो, जे वर्तमानातले आज्ञार्थक किंवा इच्छार्थक रूप आहे. म्हणून ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर, आणि प्रत्येकी एका पूर्ण वाक्यात शिका.